हरणाऱ्या संघाचे हसू

विनोदी मालिका आणि हरणारा संघ यांची सोयरीक जुनी आहे. ज्या संघातील खेळाडूंना खेळण्याचे पैसे मिळत नाहीत, ज्याची जमवाजमव सामन्याच्या सकाळपर्यंत संपत नाही आणि ज्याला प्रतिस्पर्धी लिंबूटिंबू म्हणून मोडीत काढतात, असा हौशी संघ लेखकाच्या फार कामाचा असतो. त्याच्या प्रत्येक उणिवेतून एक प्रसंग सहज निघतो. बीबीसीवर 1986-87 मध्ये दाखवलेली ‘जॉसीज जायंट्स’ ही मालिका उत्तर इंग्लंडमधील मुलांच्या अशाच एका फुटबॉल संघाची होती. 2020 मध्ये सुरू झालेल्या ‘टेड लासो’तील संघ व्यावसायिक असला, तरी फुटबॉलचे गम्य नसलेला प्रशिक्षक आणून लेखकांनी त्याला हौशी संघाच्याच पंगतीत बसवले. या मालिकांतील हसू निर्धास्त असते आणि त्याचे कारण मैदानाबाहेर सापडते: हरलेला खेळाडू ज्या घरी परततो, तेथे चूल पेटलेली असते.

ही हमी नसेल तर विनोदाचे काय होते, याचा सर्वांत जवळचा दाखला मालिकेत नव्हे, चित्रपटात मिळतो. नागराज मंजुळे यांचा ‘झुंड’ मार्च 2022 मध्ये प्रदर्शित झाला. त्याचा आधार आहे नागपूरच्या हिस्लॉप महाविद्यालयातील माजी क्रीडाशिक्षक विजय बारसे यांचे काम. पावसात फुटकी बादली लाथाडत खेळणारी वस्तीतील मुले पाहून त्यांनी 2001 मध्ये झोपडपट्टी फुटबॉल सुरू केले, आणि त्यातूनच पुढे ‘स्लम सॉकर’ ही संस्था उभी राहिली. ‘झुंड’च्या पूर्वार्धात प्रेक्षक पोट धरून हसतो, पण त्या हसण्याची सूत्रे मुलांच्या हाती आहेत, एकमेकांची टर ती स्वतःच उडवतात आणि सभ्य प्रेक्षकाला वरून हसण्याची जागा फारशी ठेवत नाहीत. उत्तरार्धात परदेशी स्पर्धेसाठी पारपत्र, म्हणजे पासपोर्ट, काढण्याची वेळ येते. रिंकू राजगुरू यांनी साकारलेल्या आदिवासी मुलीला आपण कोण आहोत हेच कागदावर सिद्ध करता येत नाही, आणि तेथे विनोद विरळ होत जातो. हा भाग लांबला, अशी तक्रार करता येईल; मात्र कागदासाठी घातलेले हेलपाटे प्रत्यक्षातही लांबतातच.

अशा परदेशी स्पर्धांपैकी एक असलेल्या बेघरांसाठीच्या फुटबॉल विश्वचषकाची रचनाही येथे लक्षात घ्यावी लागते. 2003 मध्ये ऑस्ट्रियातील ग्राझ येथे सुरू झालेल्या या स्पर्धेत एका बाजूला चारच खेळाडू असतात, सात-सात मिनिटांचे दोन डाव होतात आणि कोणत्याही खेळाडूला आयुष्यात एकदाच भाग घेता येतो. खेळाडूने पुढच्या वर्षी बेघर राहू नये, ही त्यामागची अपेक्षा. मालिकेचा नियम याच्या नेमका उलट आहे. तिला तीच माणसे, त्याच खोडींसह, पुढच्या भागात परत हवी असतात.

अशी मालिका विदर्भातल्याच यवतमाळ जिल्ह्यात घडवायची म्हटली, तर हा फरक महत्त्वाचा ठरतो, कारण या जिल्ह्याला बाहेरच्या लेखणीने आणि कॅमेऱ्याने बहुधा एकच भूमिका दिली आहे. महागाव तालुक्यातील चिलगव्हाणच्या शेतकरी कुटुंबाने मार्च 1986 मध्ये जीवन संपवल्यापासून शेतकरी आत्महत्यांच्या चर्चेत यवतमाळचे नाव सुटलेले नाही. ते दुःख खरेच आहे; पण शोकांतिकेत माणूस एकदाच हरतो, तर विनोदी मालिकेतला संघ रविवारी हरून पुढच्या रविवारी पुन्हा मैदानावर येतो, आणि दरवर्षी नव्याने पेरणी करणाऱ्या मुलखाला हा दुसरा आकृतिबंध अधिक साजतो. सतीश मनवर यांच्या ‘गाभ्रीचा पाऊस’ (2009) या चित्रपटाने हे ओळखले होते. नवऱ्याने जिवाचे बरेवाईट करू नये म्हणून त्याच्यामागे मुलाला पाळतीवर धाडणारी बायको त्यात भीतीपोटीच हास्य निर्माण करते.

फुटबॉलच्या मालिकेला लागणारा ऐवज या जिल्ह्यात पायाखालीच आहे. येथील काळी कापसाची माती पावसात बुटाला अशी चिकटते की धावणाऱ्याचा पाय प्रत्येक पावलागणिक जड होत जातो, आणि उन्हाळ्यात तिलाच रुंद भेगा पडून सरळ येणारा चेंडू भलतीकडे उडतो. दसऱ्यानंतर वेचणी सुरू झाली, की निम्मा संघ वावरात. पुसद-दिग्रसकडचा बचावपटू घरी गोरमाटी, म्हणजे बंजारा बोली, बोलणारा, केळापूर-झरीकडच्या पोडावरचा, म्हणजे कोलाम वस्तीवरचा, आघाडीवीर कोलामी बोलणारा, आणि प्रशिक्षक दोघांवर वऱ्हाडीत खेकसणारा असू शकतो.

अडचण वऱ्हाडीचीच आहे. मराठी पडद्यावर ही बोली बराच काळ गडी, हवालदार किंवा वेंधळा पाहुणा यांच्या वाट्याला आली, म्हणजे ती बोलणारा हसू आणणारा ठरला, हसणारा क्वचितच. ‘बॅरिस्टर गुलब्या’ हा एकपात्री प्रयोग करणारे यवतमाळचे कवी शंकर बडे यांनी मंचावर हा क्रम उलटा करून दाखवला. अशी मालिका कोणी लिहायला घेतलीच, तर तिची पहिली कसोटी गोलफलकाची नसेल. तालुक्याच्या ठिकाणाहून सामना पाहायला आलेल्या प्रमाणभाषी अधिकाऱ्याची फिरकी राखीव खेळाडूंना किती सहज घेता येते, याची असेल.