लेकराची बोली आणि शाळेचे पुस्तक

अंबरनाथच्या एमआयडीसीजवळ कामगारांच्या ज्या चाळी आहेत, त्यांपैकी एकीत काही दिवसांपूर्वी सायंकाळी आमचे जाणे झाले. कारखान्याची पाळी नुकतीच सुटली होती. ओट्यावर सुमारे आठ वर्षांची एक मुलगी मराठी शाळेचे पुस्तक घेऊन बसली होती. आम्हांस पाहून तिने आपण होऊन धडा वाचून दाखविला. वाचन इतके स्वच्छ की एकाही अक्षरास ती अडखळली नाही. आम्ही शाबासकी दिली व सहज विचारले, "बाळ, विहीर म्हणजे काय ग?"

मुलगी गप्प. तिने पुस्तकाकडे पाहून तोच शब्द आणखी मोठ्याने वाचला, जणू आवाज चढविल्याने अर्थ हाती यावा. इतक्यात आतून तिच्या आईचा आवाज आला, "इनार!" हे कुटुंब बिहारातले, घरची बोली भोजपुरी. तो एक शब्द कानी पडताच मुलीचा चेहरा पालटला. आजीच्या घरामागचा इनार, त्याचा दोर, त्यात पडलेली शेळी व ती काढण्यास धावलेले शेजारी, अशी सारी हकिकत तिने आम्हांस मोडक्या हिंदीत सांगितली. वडील मात्र ओशाळले. गावाकडची बोली शाळेत चालत नाही, म्हणून ती बोलू नका असे आपणच मुलांस बजावतो, असे ते म्हणाले.

हा बाप वाईट नव्हे. लेकराचे कल्याण व्हावे म्हणूनच तो हे करितो. तथापि त्याने जे केले ते योग्य काय, हा प्रश्न त्या रात्री आमच्या मनातून जाईना.

वाचकहो, मूल बोलावयास कसे शिकते ह्याचा आपण क्वचितच विचार करितो. ते उदरात असतानाच आईचा आवाज त्याच्या कानी पडत असतो, व जन्मल्यावर थोड्याच दिवसांत ते तिचा आवाज इतर स्त्रियांच्या आवाजांतून ओळखते. कॅनडात वर्कर व टीस ह्या दोघा संशोधकांनी १९८४ साली एक मौजेची गोष्ट प्रसिद्ध केली. इंग्रजी घरांतील सहा ते आठ महिन्यांच्या बाळांस आपल्या हिंदीतील ट आणि त ह्यांतील भेद सहज कळत असे; तीच मुले वर्षाची होत आली तो भेद त्यांस जवळजवळ ऐकू येईनासा होई. म्हणजे बाळास आरंभी कोणताही उच्चार परका नसतो. वर्ष भरण्याच्या आत ते आपल्या माणसांचे उच्चार निवडून घेते.

पुढचे तर आपण आपल्याच अंगणात पाहतो. तो दगड, ती विहीर, ते झाड, ही तीन लिंगे परदेशातून आलेल्या मिशनरी साहेबांस वीस वर्षे मुन्शी ठेवूनही नीट साधत नसत. आपले तीन वर्षांचे पोर ती सहसा चुकत नाही. ते चुकते ते निराळ्याच ठिकाणी. "मी केलं" म्हणावयाचे तेथे ते "मी करलं" म्हणते. हा शब्द घरात कोणी उच्चारलेला नसतो. 'बसलं', 'हसलं', 'धरलं' ऐकून नियम त्याने आपला आपण काढला, हे त्याचे प्रमाण होय. तेव्हा मूल म्हणजे पढविलेला पोपट नव्हे.

मात्र ह्यास माणसांची संगत लागते. अमेरिकेत २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात नऊ महिन्यांच्या बाळांशी कोणी समोर बसून चिनी भाषेत खेळले, तेव्हा ती तिचे उच्चार शिकली. तेच बोलणे पडद्यावर दाखविले असता काहीच शिकली नाहीत. मूल रडते म्हणून त्याच्या हाती मोबाइल देणाऱ्या आईबापांनी, आणि आजोबांनीही, हे मनात आणावे.

वाचनाची गोष्ट वेगळी. लिहिण्याची कला सुमारे पाच हजार वर्षांची. ती जन्मतः कोणासच येत नाही. अंबरनाथच्या शिवमंदिरात शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६० चा शिलालेख आहे. जाणत्याने वाचून दाखविल्यावाचून तो कोणाशी बोलत नाही. तसेच मुलाच्या पुस्तकाचे. 'वि' मध्ये इकार आधी लिहावा व नंतर उच्चारावा, ही गोष्ट आपोआप कोणाच्या ध्यानात येणार? ती कोणी तरी श्रम घेऊन शिकवावी लागते. म्हणून बोली हे मुलास फुकट मिळालेले दान असले, तरी वाचन हे वडील माणसांवरचे देणे आहे, व जे मूल वाचू शकत नाही त्यास आळशी म्हणण्याआधी हे देणे कोणी थकविले ते पाहावे.

आता हे देणे फेडावयाचे कसे? ज्या मुलास शब्द ठाऊक असतो, त्याने अक्षर चुकविले तरी कान त्यास सांगतो की असा शब्द नाही, आणि ते मागे वळून सुधारते. ज्यास शब्दच ठाऊक नाही त्यास चूक व बरोबर सारखेच. आमच्या त्या मुलीस अक्षरे मिळाली होती; त्यांस भेटावयास शब्द आत नव्हता. खरे म्हणजे होता, पण बापाने त्यास उंबऱ्याबाहेर येण्याची मनाई केली होती.

आपल्या प्रांतात ताराबाई मोडक व अनुताई वाघ ह्या दोघी बाईंनी हे फार पूर्वी जाणले. १९४५ साली बोर्डी येथे व १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर त्यांनी वारली मुलांसाठी काम केले. मुले शाळेत येत ना, तेव्हा शाळाच पाड्यावर, गुरे चरतात त्या कुरणावर नेली. पाने, फुले, खडे हेच शिकविण्याचे साहित्य केले. मुलाजवळ काय नाही ह्यापेक्षा काय आहे, हे त्यांनी आधी पाहिले.

शेजारच्या उल्हासनगरात दुसरी तऱ्हा दिसते. १९४७ नंतर सिंधमधून आलेली कुटुंबे तेथल्या लष्करी छावणीत वसली. त्यांची भाषा १९६७ साली राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टात आली. परंतु कित्येक घरांत आज नातवंडे हिंदीच बोलतात, आणि आजोबांनी अरबी वळणाच्या लिपीत लिहिलेले पत्र नातवास वाचता येत नाही. ती भाषा कोणी हिसकावून घेतली नाही. उपयोगाच्या भाषा पुढे आल्या, आणि आईबापांनी ही हळूहळू मागे ठेविली.

येथे कोणी म्हणेल, कारखान्याच्या फाटकावर भोजपुरी कोण विचारतो? खरे आहे. मराठी आली पाहिजे, इंग्रजीही आली पाहिजे; त्या बापाचे एवढे म्हणणे आम्ही मान्य करितो. त्याची चूक इतकीच की, एक भांडे भरण्यास दुसरे रिकामे करावे लागते असे त्यास वाटते. मुलाचे मन तसे नाही. त्यात दोन-तीन भाषा सुखाने नांदतात. अल्पसंख्य भाषिकांच्या मुलांस प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करावी, असे राज्यघटनेत १९५६ सालापासून आहे; २०२० च्या शैक्षणिक धोरणातही शक्य तेथे निदान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवावे असे म्हटले आहे. पण एका वर्गात मराठी, भोजपुरी, तेलुगू व कातकरी मुले बसली असता एकट्या गुरुजीने काय करावे? त्यास साऱ्या बोली येणार नाहीत. "तुझ्या घरी ह्यास काय म्हणतात?" एवढे विचारणे मात्र येईल.

हे लिहिताना आम्हांस आमचाच अपराध आठवतो. पंडिता रमाबाईंनी अडाणी बायांसही कळावे म्हणून सोप्या मराठीत पवित्र शास्त्राचे भाषांतर करण्यात आयुष्याची अखेरची वर्षे घालविली. हे सेमिनरीत शिकूनही, बदलापूरच्या पलीकडे एका कातकरी वाडीत आम्ही वर्षभर मुलांकडून पुस्तकी मराठीतील उत्तरे घोकून घेतली, व ती धडाधड म्हटली जातात ह्यातच समाधान मानले. त्यांच्या बोलीतील एकही शब्द आम्ही विचारला नाही. ती मुले आता मोठी झाली. त्यांपैकी वाचणारे फार थोडे आहेत.

मागच्या आठवड्यात त्या चाळीत पुन्हा गेलो. मुलीने पुस्तकात 'विहीर' ह्या शब्दाखाली पेन्सिलीने 'इनार' असे लिहून ठेविले होते. वडिलांनी ते आम्हांस दाखविले व विचारले, परीक्षेत हिने असे लिहिले तर गुण कापतील काय? कापतील, असे आम्हांस सांगावे लागले. त्यांनी थोडा वेळ पुस्तक हाती धरिले, आणि तो शब्द न खोडता मुलीस परत दिले.