सोसणें आणि चालवून घेणें

इंग्रजी भाषेंतील जोडक्रियापदें आमच्या विद्यार्थ्यांना नेहमीं चकवितात. ‘पुट अप विथ’ हें त्यांपैकींच एक. ‘ठेवणें’, ‘वर’ आणि ‘सह’ हे तीन अर्थ सुटे घेतले तर हातीं कांहींच लागत नाहीं; एकत्र आले कीं त्यांतून त्रासदायक परिस्थिति निमूटपणें पत्करण्याचा अर्थ निघतो. वर्गांत मीं यास मराठी प्रतिशब्द विचारला, तेव्हां बहुतेकांनीं ‘सोसणें’ असें उत्तर दिलें. संग्रामपूर तालुक्यांतील एक विद्यार्थी मात्र म्हणाला, “सर, चालवून घेणें.” दोन्ही उत्तरें बरोबर ठरवून मी मोकळा झालों. पुढें त्याच्या गांवीं जाण्याचा योग आला, तेव्हां तीं दोन उत्तरें एक नव्हेत, हें ध्यानीं आलें.

या तालुक्याच्या उत्तरेस सातपुडा आहे. खालचा सपाट मुलूख पूर्णेच्या खोऱ्यांतील खारपाणपट्ट्यांत मोडतो. अमरावती, अकोला व बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पसरलेल्या या पट्ट्यांत माती काळी व कसदार, पण तिच्या पोटांतलें पाणी खारें. त्या पाण्यांत डाळ नीट शिजत नाहीं. पिकास दिलें तर जमीन चोपण होते. मूत्रपिंडाच्या विकारानें माणसें गेल्याच्या कहाण्या येथें वारंवार कानीं पडतात. वान धरणाचें गोडें पाणी नळानें आणण्याच्या योजना झाल्या. तरी जारचें पाणी विकत घेणारीं घरें आहेतच.

विद्यार्थ्याच्या आईनें मजपुढें जारांतील पाणी ठेविलें आणि स्वतः माठांतलें मचूळ पाणी घेतलें. “आमाले चालते,” ती हंसून म्हणाली. मीं तिच्या सोशिकपणाची स्तुति केली आणि पेला रिकामा केला. त्या स्तुतीची लाज मला परतीच्या वाटेवर वाटूं लागली.

‘सोशिक’ हें विशेषण आपण सढळ हातानें वांटतों. पण तें बहुधा सुनेस, मोलकरणीस किंवा कोरडवाहू शेतकऱ्यास. सावकारास कोणी सोशिक म्हटल्याचें ऐकिवांत नाहीं. ज्याच्या सोसण्यानें इतरांची सोय होते, त्याचेंच सोसणें आपल्याला गुण वाटतें. वास्तविक दुःख टाळतां येण्याजोगें आहे काय, आणि तें सोसल्यानें कांहीं साधतें काय, हे दोन प्रश्न आधीं विचारले पाहिजेत. वियोग टळत नाहीं, म्हणून सोसावा. मुलासाठीं आई जागरण सोसते, कारण त्यांतून कांहीं निपजतें. उलट, जें टळण्याजोगें आणि निष्फळ, तें आपण चालवून घेतों. ‘चालणें’चें प्रयोजक रूप ‘चालविणें’, तसें ‘खपणें’चें ‘खपविणें’. व्याकरणच सांगतें कीं, अन्याय आपोआप चालत नसतो. कोणीतरी तो चालवीत असतो.

परंतु हा दोष त्या माउलीच्या माथीं मारणें क्रूरपणाचें होईल. जिच्यापुढें निवडीला दुसरा पेलाच नाहीं, तिला चालवून न घेण्याची मुभा कोठें आहे? चालवून घेणारा मी होतों. गोडें पाणी पिऊन वर स्तुति करणारा.

सोसणें म्हणजे शरण जाणें, असेंही नव्हे. १९२७ सालीं डॉ. आंबेडकर आणि त्यांचे अनुयायी महाडच्या चवदार तळ्याचें पाणी प्याले. तळें सर्वांस खुलें असल्याचा नगरपालिकेचा ठराव होता, तरी अस्पृश्यांना तेथें मज्जाव होता. त्या दिवसानंतर त्यांनीं मारहाण सोसली, १९३७ पर्यंत कोर्टकचेरी सोसली. पण बंदी चालवून घेतली नाहीं. चालवून न घेणाऱ्यालाच अधिक सोसावें लागतें, आणि तेंच सोसणें स्तुतीस पात्र आहे.

आपली भाषा ‘हें पाणी मला सोसत नाहीं’ असेंही म्हणते. जीभ भिडेनें ‘चालतें’ म्हणते; शरीर मात्र एक दिवस खरें बोलतें. तें बोलण्यापूर्वीं ऐकण्याची जबाबदारी, ज्यांच्या हातीं गोड्या पाण्याचा पेला आहे, त्यांची आहे.