ओल कुणाची?



आम्ही नवी मुंबईत एका सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर राहतो. एका पावसाळ्यात खालच्या काकू वर आल्या. म्हणाल्या, "भाऊ, आमच्या बेडरूमच्या भिंतीला ओल आलीय. एकदा येऊन बघता का?" मी दारातूनच उत्तर दिले, "काकू, पाऊस केवढा चाललाय! बाहेरच्या भिंतीतून येत असेल. सोसायटीला सांगा." सोसायटीने त्यांना सांगितले, "वरच्यांच्या बाथरूमचे असेल, त्यांना सांगा." असे तीन महिने गेले. पाऊस थांबला, ओल थांबली नाही. भिंतीचे पोपडे सुटले, काळी बुरशी धरली. त्याच भिंतीला लागून काकूंच्या सासूबाईंचा पलंग होता, आणि त्यांना दमा होता.

तेव्हा मी नियम वाचायला घेतले. खरे सांगायचे तर सुटका शोधण्यासाठीच. आपल्याकडची बहुतेक जमीन सिडकोने मुळात 60 वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिलेली. म्हणजे जमीन सिडकोची, इमारत सोसायटीच्या ताब्यात आणि घर सभासदाचे. गच्चीतून किंवा बाहेरच्या भिंतीतून झिरपणारे पावसाचे पाणी आणि सामाईक पाइपांची गळती यांची दुरुस्ती सोसायटीने करायची. संडास, सिंक वगैरेंमुळे होणाऱ्या घरातल्या गळतीचा खर्च त्या त्या सभासदाने करायचा. सहकारी सोसायट्यांच्या आदर्श उपविधींत हे स्पष्ट लिहिले आहे.

नियम चांगला आहे. पण तो खर्च कुणाचा एवढेच सांगतो, आणि तेही पाणी कुठून येते हे कळल्यावर. ते शोधायचे कुणी? काकू त्यांची भिंत रोज पाहत होत्या, पण माझ्या बाथरूमची फरशी त्यांना उघडता येत नव्हती. सोसायटीलाही माझ्या परवानगीशिवाय आत येता येत नव्हते. किल्ली माझ्याकडे होती. मग दोष माझा असो वा नसो, शोधण्याचे पहिले कर्तव्य माझे नव्हते का?

आपण बहुधा उलट चालतो. आधी दोष सिद्ध करा, मग मी हलतो, असे म्हणतो. कुणी विचारेल, सामाईक पाइप गळत असेल तर मी भुर्दंड का सोसावा? प्रश्न रास्त आहे. सोसू नये. पण चार दिवस बाथरूम बंद ठेवून खालची ओल कमी होते का हे पाहायला पैसे लागत नाहीत. निष्कर्ष निघाल्यावर ज्याचा खर्च त्याने द्यावा. हिशेब थांबू शकतो, दम्याचे माणूस थांबू शकत नाही.

पवित्र शास्त्रात भिंतीच्या बुरशीविषयीही सांगितले आहे, हे अनेकांना ठाऊक नसेल. लेवीय पुस्तकाच्या 14 व्या अध्यायात घराला चट्टा पडल्यास काय करावे ते दिले आहे. याजकाने पाहावे, सात दिवस घर बंद ठेवावे, पुन्हा पाहावे. चट्टा पसरला असेल तर ते दगड काढावेत, भिंती खरवडाव्यात, नवा गिलावा करावा. दोष कुणाचा, हा प्रश्न तिथे कुणी विचारत नाही. आणि सुरुवात घराचा मालक करतो. तो स्वतः याजकाकडे जाऊन सांगतो की माझ्या घरात काहीतरी दिसते आहे. आमच्याकडे मात्र सोसणाऱ्याला जिने चढून यावे लागले.

त्याच पुस्तकाच्या 25 व्या अध्यायात देव सांगतो की जमीन त्याची आहे आणि आपण तिच्यावर पाहुणे आहोत. भाडेपट्ट्यावर राहणाऱ्याला हे लवकर समजायला हवे. अकरा महिन्यांच्या करारावरचा भाडेकरू म्हणतो, घर माझे नाही. परदेशी असलेला मालक म्हणतो, मी तिथे राहत नाही. दोघेही खरे बोलतात आणि खालची भिंत भिजत राहते. मालकी किती वर्षांची हे कागद सांगेल. पण ज्याच्या हाती आज घर आहे, त्याच्याच हाती शेजाऱ्याची कोरडी भिंतही आहे.

शेवटी आम्ही बाथरूम वापरणे बंद केले. आठवड्याने काकूंनी सांगितले की भिंत सुकू लागली आहे. प्लंबरने फरशी उघडली. नहाणी ट्रॅपचा जोड गळत होता. आमचाच. दुरुस्ती दोन दिवसांत झाली. मी काकूंची माफी मागितली, त्यांच्या भिंतीचा गिलावा आणि रंगही करून दिला. "झाले ते झाले," एवढेच त्या म्हणाल्या. सासूबाई काही बोलल्या नाहीत. त्यांचा पलंग तीन महिने त्याच भिंतीला होता.

दोन दिवसांच्या कामाला मी तीन महिने लावले. आज आपल्या दारात कुणी अशी तक्रार घेऊन आले, तर "सोसायटीला सांगा" म्हणण्याआधी पायात चप्पल घालून एक मजला खाली उतरू या.