निवड कोणाची?

आमच्या अलिबागच्या किनाऱ्यावर कोळी म्हटलें कीं होडी व जाळें डोळ्यांपुढें येतें. गेल्या पावसाळ्यांत वाडीवर आलेल्या माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या मनांत मात्र आठ पायांचा कोळी होता. "सर, टॅरंटुला पाळावयाचा आहे, जात कोणती निवडूं?" मेक्सिकोचा लाल गुडघ्यांचा कोळी स्वभावानें शांत; आंध्रांतील निळा रूपानें अपूर्व. त्याचा कल निळ्याकडे होता.

प्राणिशास्त्र माझा विषय नव्हे. परंतु निवड हा नीतिशास्त्राचाहि विषय आहे. निळ्या कोळ्याचें वर्णन पोकॉक यांनीं १८९९ सालीं गुत्ती येथें सांपडलेल्या नमुन्यावरून केलें. पुढें सुमारें शंभर वर्षांनीं, २००१ मध्यें, तो नंद्याळ व गिद्दलूर यांमधील जंगलांत पुन्हां आढळला. २००८ सालीं त्याची गणना अतिसंकटग्रस्त प्राण्यांत झाली. २०१९ मध्यें त्याच्या सर्व वंशाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण आलें. लाल गुडघ्यांच्या कोळ्यावर तें १९८५ पासूनच आहे. म्हणजे ज्या रूपावर आपण लुब्ध होतों, तेंच त्या प्राण्यास भोंवतें.

विद्यार्थ्याचा युक्तिवाद दुबळा नव्हता. हा प्राणी रानांतहि ढोलींतच बसतो. काचेच्या पेटींत त्याला भक्ष्य आयतें मिळालें, तर त्याचें गेलें काय? शिवाय पेटींतच जन्मलेला घेतला, तर रानाचेंहि नुकसान नाहीं.

पहिली गोष्ट अर्धीच खरी आहे. मादी बिळाशीं राहते. पण वयांत आलेला नर घर सोडून मादीच्या शोधांत भटकूं लागतो, आणि मग थोडक्याच काळांत मरतो. ती भटकंती हेंच त्याच्या आयुष्याचें प्रयोजन. पेटींत तो काचेभोंवतीं फिरत राहतो. दुसरी गोष्ट मला मान्य आहे, मात्र प्राणी कोठें जन्मला याची खात्री पटेल तेव्हांच.

कुत्रा धन्याला ओळखतो, म्हणून त्याला बांधून ठेवण्यास आपण प्रेमाचें नांव देऊं शकतों. कोळ्याला धन्याचें प्रेम नाहीं. येथें ती सबब चालत नाहीं. उरतें तें केवळ आपलें पाहण्याचें सुख. तें सुख निंद्य नव्हे. पण त्याची किंमत दुसऱ्यानें द्यावी, हें न्याय्य कसें? यास्तव आपणांस कोणता आवडतो हें आधीं न विचारतां, आपल्या आवडीनें कोणाचें कमींत कमी हरपेल हें विचारावें. या कसोटीवर रानांतून धरलेला कोणताहि कोळी प्रथमच बाद होतो. उरलेल्यांतहि मादी पुष्कळ वर्षें, कांहीं जातींत वीसहून अधिक, जगते. तितकीं वर्षें तिचें दास्य पत्करण्याची तयारी असेल, त्यानेंच पाळावें.

विद्यार्थ्याला हें सांगितलें, तेव्हां तो कांहीं वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "सर, वीस वर्षांचा विचार मीं केलाच नव्हता." माझ्या मतें खरी निवड त्या क्षणीं सुरू झाली.