दाम दिले, ऋण फिटले काय?

पैसे मोजून पीठ घरी आणले की ते आपले झाले, असे आपण धरून चालतो. व्यवहारात ते खरेच आहे. पण परमार्थात दाम दिले म्हणजे ऋण फिटले काय? वारकरी बंधुभगिनींनो, या प्रश्नाचा विचार करावयास छत्रपती संभाजीनगरची पाणचक्की हे चांगले ठिकाण आहे. पैठण तेथून सुमारे ५० किलोमीटर. नाथांच्या दर्शनास जाणाऱ्याने वाट थोडी वाकडी करून ती पाहावी.

खाम नदीच्या काठी, बाबा शाह मुसाफिर या सूफी साधूच्या दर्ग्यालगत ही चक्की आहे. दूरच्या डोंगरातील झऱ्याचे पाणी मातीच्या नळांतून, जमिनीच्या पोटातून येथवर आणले. ते उंचावरून पाडून त्याच्या जोरावर चक्की फिरवीत. ना बैल, ना माणसाचा हात! यात्रेकरू आणि फकीर यांच्यासाठी येथे धान्य दळले जाई. आज लोक ती पाहावयास जातात.

येथली भाकर खाऊन पुढे गेलेल्या वाटसरूला, ते नळ कोणी पुरले हे कोठे ठाऊक होते? आपलीही गत तीच. गिरणीतून डबा भरून येतो. पण ज्वारी कोणी पेरली, पाखरे कोणी हाकली, कणसे कोणी खुडली, याची आठवण डब्याबरोबर येत नाही.

कोणी म्हणेल, "अहो, शेतकऱ्याला भाव दिला, गिरणीवाल्याला दळणावळ दिली. आता कसले ऋण?" शंका रास्त आहे. धान्य विकणे-घेणे यात हीन काही नाही. तुकोबारायांच्या घरी वाण्याचा धंदा होता. सावतोबा अरणला मळा पिकवीत. पण भाव हा फार तर कष्टाचा मोबदला. तोही पुष्कळदा अपुराच. पाऊस, जमिनीचा कस, बियाण्यातला जीव यांचे पैसे कोणी कोणाला दिले? आणि वारीत तर गावोगावच्या माउली दिंडीला भाकरी वाढतात. तेथे दामसुद्धा दिलेले नसते.

मग हे ऋण नामस्मरणाने फिटेल काय? नाम तर घ्यावेच. परंतु मुखाने नाम आणि हाताने, रस्त्याकडेला पाटी घेऊन बसलेल्या म्हातारीशी दोन रुपयांची घासाघीस, हे कसे शोभेल? २०२३ साल जगाने भरडधान्यांचे वर्ष म्हणून पाळले. आपली शिदोरी तर पूर्वीपासून ज्वारी-बाजरीचीच! तेव्हा जवळच्या शिवारात पिकलेले धान्य रास्त भावाने घ्यावे, ताटात टाकू नये, आणि दारी आलेल्या भुकेल्याला जात न विचारता त्यातली चतकोर द्यावी.

एवढे करूनही ऋण फिटत नाहीच. पण घेणारा मग मालकाच्या तोऱ्यात जेवत नाही, प्रसाद म्हणून जेवतो. चक्की फिरवून पाणी पुढे वाहून गेले. किती पायली दळले याचा हिशेब त्याने ठेवला नाही. देणाऱ्याने तसे द्यावे, आणि घेणाऱ्याने मात्र आठवण ठेवावी.

॥ रामकृष्ण हरि ॥