घाई न करणारे सर

भंडारा जिल्ह्यातलं, मोहाडी तालुक्यातलं करडी हे धानाच्या पट्ट्यातलं गाव. अशा गावातल्या शाळेत एखादी मुलगी आठशे मीटर चांगली धावते, हे सगळ्यांत आधी कुणाला उमगतं? पीटीच्या सरांना. पुढची वाट ठरलेली असते: तालुका, जिल्हा, नागपूर विभाग, मग राज्य. गट चौदा, सतरा आणि एकोणीस वर्षांखालचे. या शालेय स्पर्धांमुळेच गावातलं पोर गावाबाहेर दिसतं. पण सरांच्या कामाचा निकाल त्या फार लवकर लावतात. चौदाव्या वर्षीचं सुवर्णपदक शाळेच्या फलकावर चढतं. तीच मुलगी अठराव्या वर्षी धावणं सोडून देते, तेव्हा त्याची नोंद कुणीच घेत नाही.

नाशिकचं उदाहरण इथे नीट पाहण्यासारखं आहे. त्र्यंबकेश्वर तालुक्यातल्या हरसूलजवळच्या सावरपाड्याची कविता राऊत. आदिवासी पाड्यावरची ही मुलगी सुरुवातीला अनवाणीच धावायची. नाशिकला विजेंद्र सिंग या प्रशिक्षकांनी तिला हाताखाली घेतलं आणि भोसला सैनिकी शाळेच्या मैदानावर तिचा सराव सुरू झाला. ऑक्टोबर 2010 मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत तिने दहा हजार मीटरमध्ये कांस्यपदक जिंकलं. राष्ट्रकुलच्या ट्रॅकवर वैयक्तिक पदक मिळवणारी ती पहिली भारतीय महिला. पुढच्याच महिन्यात ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत त्याच अंतरात रौप्य मिळालं, वेळ 31 मिनिटं 51.44 सेकंद. सुवर्णपदक जिंकणारी प्रीजा श्रीधरन तिच्यापेक्षा सेकंदाहूनही कमी फरकाने पुढे होती. कविता तेव्हा पंचवीस वर्षांची होती. रिओ ऑलिम्पिकची मॅरेथॉन ती धावली एकतिसाव्या वर्षी.

म्हणजे शाळकरी वयात लागलेल्या शिस्तीचं फळ हाती यायला इतकी वर्षं जावी लागली. मधल्या काळात प्रशिक्षकाने काय केलं? रोजचा सराव, दुखऱ्या पोटऱ्या, आहाराची ओढाताण, नोकरीची चिंता आणि घरच्यांची समजूत. मुलींच्या बाबतीत ही समजूत घालणं म्हणजे अर्धं प्रशिक्षणच. सरांवर आई-वडिलांचा विश्वास नसेल, तर पहाटेच्या सरावाला मुलगी घराबाहेर पडतच नाही. संजीवनी जाधव, मोनिका आथरे याही विजेंद्र सिंग यांच्याच हाताखाली घडल्या. 2017 मध्ये संजीवनीने भुवनेश्वरच्या आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत पाच हजार मीटरचं कांस्य घेतलं, तर मोनिका लंडनच्या जागतिक स्पर्धेत मॅरेथॉन धावली. एका मैदानावर एक गुणी मुलगी निघणं हा योग असू शकतो. तिच्यामागून दुसरी, तिसरी येते, तेव्हा श्रेय त्या मैदानावर रोज उभ्या राहणाऱ्या माणसाचं असतं.

निव्वळ शाळेतला प्रशिक्षक पाहायचा, तर केरळमधल्या कोरुत्तोडला जायला हवं. डोंगराळ भागातल्या या गावातल्या हायस्कुलात के. पी. थॉमस यांनी पिढ्यान्‌पिढ्या खेळाडू घडवले. लांब उडीतली अंजू बॉबी जॉर्ज त्यांचीच विद्यार्थिनी. 2003 मध्ये पॅरिसला तिने 6.70 मीटर उडी मारून जागतिक अजिंक्यपद स्पर्धेतलं भारताचं पहिलं पदक जिंकलं, तेव्हा तिचे प्रशिक्षक होते तिचे पती बॉबी जॉर्ज. थॉमस यांचा वाटा शाळेतल्या वर्षांचा. त्यांना द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला तो 2013 मध्ये. आपल्या हातातलं पोर योग्य वेळी दुसऱ्याच्या हाती सोपवणं, हे शालेय प्रशिक्षकाचं सर्वांत अवघड काम. ओ. एम. नंबियार यांची गोष्ट वेगळी. कण्णूरच्या मुलींच्या क्रीडा विभागात त्यांना शाळकरी पी. टी. उषा गवसली आणि 1984 च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकपर्यंत तेच तिच्यासोबत राहिले. तिथे चारशे मीटर अडथळा शर्यतीत तिचं कांस्य सेकंदाच्या शंभराव्या भागाने हुकलं. पुढच्याच वर्षी द्रोणाचार्य पुरस्कार सुरू झाला आणि पहिल्या मानकऱ्यांत नंबियार होते.

महाराष्ट्रातल्या खेड्यांत धावण्याला आणखी एक कारण आहे: पोलीस भरती. मुलांना सोळाशे मीटर, मुलींना आठशे, शिवाय शंभर मीटर आणि गोळाफेक. पहाटे डांबरी रस्त्यावर पळणारी पोरं बहुधा याच तयारीत असतात. याला कमी लेखण्याचं काही कारण नाही. शाळेत सरांनी श्वास, पाऊल आणि वेग यांचं गणित नीट बसवून दिलेलं असलं, तर त्या जोरावर वर्दी मिळते आणि घर उभं राहतं. हेही त्या सरांचंच यश आहे, आणि पदकांच्या तक्त्यात ते दिसत नाही म्हणून ते मोजायचं नाही, हा अन्याय आहे.

मोजायचं तर साधी सोय आहे. प्रत्येक धावपटूची एक वही ठेवावी. तिच्यात तारीख, अंतर, वेळ, दुखापत, त्या काळातली वाढलेली उंची लिहावी. नववीतल्या मुलीची ती वही दहावीनंतर तिच्यासोबत भंडाऱ्याला किंवा नागपूरला जावी. नव्या प्रशिक्षकाने ती आधी वाचावी, मगच घड्याळ हातात घ्यावं. पहिल्या पानावर शाळेचं आणि सरांचं नाव लिहिलेलं असावं. पाच-सात वर्षांनी ती मुलगी कुठे पोचली, हे त्या सरांना कळवण्याची जबाबदारी जिल्हा क्रीडा कार्यालयाने घ्यावी.