आर्याजींना वंदन करावे का?

शंका : आमच्या विहारात यंदा वर्षावासाला एक भिक्खुणी आल्या आहेत. समितीतले जुने लोक म्हणतात, आर्याजींना भोजनदान द्या, पण भंतेजींसारखं पंचांग वंदन नको. भिक्खुणी संघ भगवंतांनी नाइलाजाने स्थापला आणि तो केव्हाच बंद पडला, असं त्यांचं म्हणणं. मी वंदन केलं तर चुकेल का?
– एक उपासिका, नागपूर

समाधान : मुळीच चुकणार नाही. मनात किंतु न ठेवता वंदन करा.

नाइलाजाची ही गोष्ट विनयपिटकातल्या चुल्लवग्गात आहे. ती अर्धीच सांगितली जाते. महाप्रजापती गौतमीने कपिलवस्तूत प्रव्रज्या मागितली. तीनदा नकार मिळाला. तरी तिने केस उतरवले, काषाय वस्त्रं घेतली आणि शाक्य स्त्रियांसह ती पायी वैशालीला गेली. सुजलेले पाय, अंगभर धूळ, डोळ्यांत पाणी, अशी ती महावनातल्या कूटागारशाळेच्या दाराबाहेर उभी राहिली. तिच्यासाठी भिक्खू आनंदाने भगवंतांना विचारलं, प्रव्रज्या घेतलेल्या स्त्रीला अर्हत्पद गाठता येतं का? भगवंत म्हणाले, येतं. भिक्खुणी संघ त्या होकारावर उभा आहे. भगवंतांना लहानाचं मोठं करणारी ही मावशी त्या दिवशी मागे फिरली असती, तर भिक्खुणींच्या गाथांचा ग्रंथ, थेरीगाथा, आपल्या हाती आलाच नसता.

अडचण आहे ती आठ गरुधम्मांची, म्हणजे भिक्खुणींसाठी घातलेल्या आठ नियमांची. त्यांतला पहिलाच असा, की शंभर वर्षं भिक्खुणी असलेल्या स्त्रीनेही आज उपसंपदा घेतलेल्या भिक्खूला वंदन करावं. गौतमीने पुढे आनंदाकरवी विनंती केली, की वंदन ज्येष्ठतेप्रमाणे असावं. ती मान्य झाली नाही. मला हे आजही टोचतं. पण बाबासाहेब आंबेडकरांनी १९५१ साली हिंदू स्त्रीच्या उन्नती-अवनतीवर लेख लिहिला, त्यात भगवंतांवरचा स्त्रियांना कमी लेखल्याचा आरोप खोडून काढला आहे. समितीने तो एकत्र बसून वाचावा. आणि हेही पाहा, की वंदनाचा हा नियम भिक्खुणी आणि भिक्खू यांच्यातला. समितीतली मंडळी उपासक आहेत. उपासकाने भिक्खुणीला वंदन करू नये, असं त्या आठांत कुठेच नाही.

राहिलं ‘बंद पडला’ हे. श्रीलंकेत अकराव्या शतकाच्या सुमारास ही परंपरा खंडली खरी. पण त्याच्या कितीतरी आधी, पाचव्या शतकात, सिंहली भिक्खुणी समुद्र ओलांडून चीनला गेल्या होत्या आणि त्यांच्या साहाय्याने तिथल्या स्त्रियांना उपसंपदा मिळाली होती. चीन, कोरिया, तैवानमध्ये भिक्खुणी संघ आजही नांदतो आहे. त्याच्याच आधाराने १९९६ मध्ये सारनाथला आणि १९९८ मध्ये बोधगयेला सिंहली स्त्रियांची उपसंपदा झाली. थायलंड-श्रीलंकेतले पुष्कळ भिक्खू ती मानत नाहीत. तो विनयाचा वाद आहे, त्यांचा त्यांनी सोडवावा. तुमच्यासमोर चीवर धारण केलेली, शील पाळणारी, वर्षावासाला बसलेली बाई आहे.

ज्येष्ठांशी भांडू नका. येत्या पौर्णिमेला आर्याजींकडूनच त्रिशरण-पंचशील मागा आणि थेरीगाथेवर धम्मदेसना देण्याची विनंती करा. देसना संपली की आधी तुम्ही उठा आणि पंचांग वंदन करा. लहान मुलींना शेजारी घ्या.